न हलवलेला कप

ज्याने समुद्राला काठ दिला आणि वाऱ्याला वाट दिली, ज्याला डुलकी लागत नाही आणि ज्याच्यापुढे अंधार व उजेड सारखेच उघडे आहेत, त्या दयावंताच्या नावाने आरंभ करते. त्याच्या प्रेषितावर शांती असो, आणि ज्या साधुपुरुषांची कवने गाता गाता माझे केस पांढरे झाले, त्यांच्या समाधींवर त्याच्या कृपेचा वर्षाव असो. मी सांगते त्यात एखादा शब्द अधिक पडला तर त्याने तो पुसावा; कमी पडला तर जे घडले ते त्याला ठाऊक आहेच.

१

वादळाचा इशारा आला की आमच्या किनाऱ्यावर पुरुष होड्या ओढतात आणि बायका चुली विझवतात. होडी ओढायला सारी आळी लागते. चूल विझवून घर कसे जगवायचे, हे मात्र एकेकीला एकटीनेच ठरवावे लागते. पहिल्या झोताबरोबर वीज जाते, ती कधी परतेल याचा नेम नसतो, आणि वारा घरात शिरलेला असताना गॅस पेटवणे म्हणजे घरच पेटवणे. म्हणून सिलिंडर बंद करून अंगणातल्या भिंतीशी साखळीने बांधायचा. त्यानंतर जे पोटात जाईल ते न शिजवलेले.

या कामात मी कोणाला हात लावू देत नसे. कागदासारख्या पातळ रोट्या आदल्या दिवशी भाजून, कुरकुरीत करून डब्यात घट्ट झाकायच्या. वाळवलेल्या तारल्या मीठ-मिरची घालून कुटायच्या. त्या पुडीवर लिंबू पिळले आणि कांदा चिरला की जेवण झाले. खजुराचे गोळे तिळात घोळवायचे. नारळ सोलून ठेवायचे. दही आणि केळी आधी संपवायची, मग रोट्या आणि पूड, आणि चरबीत मुरवलेल्या मांसाची बरणी अगदी शेवटी, कारण तिला घाई नसते. मडकी, बादल्या, पातेली, जे जे पाणी धरू शकते ते भरायचे. फ्रीजच्या वरच्या कप्प्यात पाण्याच्या बाटल्या गोठवायच्या, म्हणजे वीज गेल्यावरही त्या आपल्या थंडाव्याने दूध राखतात. आणि सिलिंडर बंद करण्याआधीचे शेवटचे काम, वेलची घातलेला कहवा उकळून थर्मासमध्ये भरायचा.

पण खरी विद्या मांडणीत असते. आमच्या आतल्या खोलीला समुद्राकडची खिडकी नाही; वादळात आम्ही तिथे बसतो. त्या खोलीतल्या चटईवर प्रत्येक वस्तूची जागा मी ठरवलेली होती. माझ्या डाव्या गुडघ्याशी थर्मास, उजव्याशी पाणी, त्यापुढे रोट्यांचा डबा, डब्याच्या पाठीशी लिंबे, लिंबांच्या पलीकडे खजूर. डोळे मिटून हात घातला तरी जे हवे तेच हाती यावे. बायकांच्या बैठकीत स्तुतिकवने म्हणताना पुढचे कडवे जसे जिभेला आपोआप सापडते, तसे. ही मांडणी मला आईने दिली नव्हती, सासूनेही नाही. ती माझी होती आणि माझ्या हातांखेरीज तिला कोणी ओळखत नव्हते.

२

त्या सकाळी मी कांदे निवडत असताना माझे यजमान बखीत दारात येऊन म्हणाले, "तिसरा कप ठेव."

कोणासाठी, ते मला कळले होते. तरी विचारले.

"झुवैनाचं छप्पर पत्र्याचं आहे. तिला इकडेच यायला सांगितलंय मी. दुपारच्या आत येईल."

"मग खजूर कमी काढते. तिच्या बोलण्यातच गोडवा फार, वर आणखी गोड कशाला?"

"या वयात, मुसल्लमच्या आई?" हे हसले.

"वय तिला सांगा. मला माझं ठाऊक आहे."

मुसल्लम आमचा मुलगा. तो मस्कतला असतो. आणि झुवैना समोरची विधवा, माझ्याच वयाची. आमच्या लग्नाआधी तिची आणि यांची बोलणी पक्की होत आली होती. तिच्या भावाने ऐनवेळी मोडली. मग माझ्या वडिलांना निरोप आला. म्हणजे मी या घरात आले ती दुसऱ्या दाराने, असे मला सतत वाटत आले. झुवैनाने मला कधी ते बोलून दाखवले नाही. तिला गरज नव्हती. संध्याकाळी गल्लीतल्या ओट्यावर हे तिला दर्यातल्या गोष्टी सांगत आणि ती हसे, ते हसणे माझ्या स्वयंपाकघरात ऐकू येई. हे तरुणपणी मोठ्या गलबताचे तांडेल होते. आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत जाऊन आलेले. पण घरात यांचे बोलणे म्हणजे मीठ दे, दार लाव, औषध कुठे ठेवलेस. दर्या कधी उंबरठ्याच्या आत आला नाही.

त्याला एक कारणही होते, आणि मी ते मनाला वारंवार समजावून सांगत असे. इंजिनाच्या स्फोटात यांचा डावा कान गेला. मी जेवताना बसते ती यांच्या डाव्या बाजूस, कारण स्वयंपाकघराचे दार तिकडे आहे. कान गेला, तरी जागा कोणी बदलली नाही. मी बोलते ते यांच्यापर्यंत अर्धेच जाते. ओट्यावर झुवैना उजवीकडे बसे.

तिसरा कप मी काढला. काठाला किंचित तडा गेलेला निवडला.

३

दुपारची नमाज झाली आणि आकाश खाली आले. समुद्राचा आवाज आधी वाढला, मग एकाएकी वाऱ्याच्या पोटात नाहीसा झाला. दिवा दोनदा मिचकला आणि गेला. फ्रीजची घरघर थांबली तेव्हा कळले की ती इतका वेळ चालू होती.

लाकडी झडपा मी आधीच दोरांनी आवळल्या होत्या. खोलीत दुपारच्या वेळी असा अंधार झाला की समोर धरलेला हात दिसेना. धुपाटण्यात दोन निखारे ठेवून त्यांवर लोबानाचे खडे टाकले होते. त्यांच्यावर राख धरली होती आणि वास तेवढा येत होता. मुसल्लमने पाठवलेला टॉर्च यांनी स्वतःच्या उजव्या हाताशी ठेवला आणि सेल जपायचे आहेत, उगाच लावू नकोस, असे मला बजावले.

तेवढ्यात मागचे दार आपटू लागले. मी उठले, भिंतीला धरून स्वयंपाकघरात गेले. कडी निखळली होती. अंगणातले पाणी उंबरठ्यावर येत होते आणि त्या पाण्याला समुद्राचा वास होता. कडीत दोर ओवून मी गाठीवर गाठ मारली. वेळ लागला, कारण बोटे ओली होती.

परतले तेव्हा खोलीच्या दाराशी मला यांचा आवाज ऐकू आला. आवाज प्रसन्न होता.

"आलीस? बस अशी, इकडे."

म्हणजे मी मागच्या दाराशी झगडत असताना झुवैना पुढच्या दाराने आली होती. तिने सलाम केला असेल तर मी ऐकला नाही. मी आत आल्यावरही तिने केला नाही. यांच्या उजवीकडे कपड्यांची सळसळ झाली आणि थांबली. मी माझ्या जागेवर, डावीकडे, बसले.

४

आमच्याकडे पाहुण्याच्या हाती खजूर आणि कहवा दिला की त्याचे पाहुणेपण पक्के होते. मग तू कोण, कशासाठी आलास, कधी जाणार, हे विचारायचे नाही. त्याने कप बोटांत धरून किंचित हलवला की समजायचे, पुरे. न हलवता पुढे केला तर देणाऱ्याने ओतत राहायचे. डोळस माणसासाठी हा नियम सोपा आहे. अंधारात मात्र कप परत घेतानाच कळते, तो बोटांत हलतो आहे की स्थिर आहे.

मी मनातले सारे गिळून रीत पाळली. आधी यांना दिला, मग तडा गेलेला कप भरून अंधारात पलीकडे धरला. एका हाताने तो घेतला. तिची बोटे माझ्या बोटांना लागली. ती उबदार होती आणि कोरडी होती.

बाहेर पाऊस आडवा येत होता. गल्ली ओलांडताना कोणीही चिंब भिजले असते. पण मी मनाशी म्हटले, ओढणीला हात पुसले असतील. बाई नीटनेटकी आहे, तेवढे तिला द्यायलाच हवे. झुवैना अत्तराशिवाय दाराबाहेर पडत नाही आणि इथे अत्तराचा मागमूस नव्हता. तेही मी पावसावर घातले. मत्सर माणसाला फार बुद्धिमान करतो. समोरची व्यक्ती तीच आहे हे सिद्ध करायला त्याला दहा कारणे सापडतात.

कप परत आला. हलला नाही. मी भरला. पुन्हा परत आला, रिकामा, आणि पुन्हा हलला नाही. असे किती वेळा झाले ते मी मोजले नाही. थर्मास कधीच संपायला हवा होता. मी तो उचलून पाहिला, जड होता.

मग हे बोलू लागले. वारा इतका होता की माझ्या बाजूने तुकडेच ऐकू येत होते. मध्ये मध्ये एक हलका बायकी आवाज काहीतरी म्हणे, शब्द कळत नसत, आणि हे हसत. ओट्यावरचे हसणे ते नव्हते. मी ऐकलेले नव्हते असे ते हसणे होते. त्यात थोडी लाजही होती. मी रोट्यांचा डबा शोधायला हात पुढे केला, तर डबा जागेवर नव्हता. पलीकडे झाकण उघडल्याचा आवाज आला, रोटी मोडल्याचा आवाज आला, मग लिंबू कापल्याचा वास आला. एकही वस्तू चाचपल्याचा आवाज आला नाही. माझ्या मांडणीत तो हात असा फिरत होता, जसा तो रोजच तिथे फिरतो.

वारा क्षणभर थांबला आणि त्या फटीतून यांचे एक वाक्य माझ्यापर्यंत अखंड आले.

"त्या वर्षी मुकल्लाच्या बंदरात मला नवं गलबत देत होते. मी नाही म्हणालो. परत आलो, ते तुझ्यासाठी. हे कधी बोललो नाही तुझ्याजवळ."

मी हातातला खजूर पुन्हा ताटलीत ठेवला. मुकल्लाचे ते वर्ष मला आठवत होते. मुसल्लम तेव्हा माझ्या पोटात होता. हे अचानक परत आले होते आणि मी समजले होते की माझ्यासाठी आले.

५

मला भीती वाटली नाही. भीतीला जागाच नव्हती. मला एवढेच हवे होते की असे वाक्य ऐकताना त्या बाईचा चेहरा कसा होतो, तो एकदा पाहावा. टॉर्च यांच्या पलीकडे होता. माझ्यापाशी धुपाटणे होते.

मी ते जवळ ओढले, वाकले आणि निखाऱ्यांवर फुंकर घातली.

राख उडाली. तांबडा उजेड चटईवर पसरला. तो गुडघ्यांच्या वर फारसा गेला नाही. पहिल्यांदा दिसली ती यांची हनुवटी, उजवीकडे वळलेली. त्यापुढे झग्याचा घोळ. आमच्याकडे बायकांचा झगा पुढून आखूड आणि मागून लांब असतो; बसल्यावर मागचा घोळ शेजारी पसरतो. तो हिरव्या मखमलीचा होता. त्या दिवशी मीही हिरवी मखमल घातली होती. मग तो हात दिसला. खजुरातली बी काढून तो यांच्या ओठांकडे चालला होता, आणि त्याच्या मधल्या बोटात रुंद तोंडाची चांदीची अंगठी होती.

तशी अंगठी माझ्याकडे आहे. मी स्वतःला सांगितले, आमच्या गावातल्या साऱ्या अंगठ्या एकाच सोनाराकडून येतात, मखमल एकाच ठाणातून कापली जाते. परंतु माझी अंगठी अलीकडे ढिली झाली होती, म्हणून मी तिच्या आतल्या बाजूस पांढरा दोरा गुंडाळला होता. त्या हाताच्या अंगठीखालीही दोरा होता. पांढरा, आणि एका टोकाशी कहव्याने पिवळा पडलेला.

मी अंगठ्याने माझे बोट चाचपले. अंगठी होती. दोराही होता.

उजेड हाताकडून मनगटाकडे, मनगटाकडून खांद्याकडे चढत होता. चेहऱ्यापर्यंत पोहोचायला आणखी एक फुंकर पुरली असती. माझ्या छातीत तेवढा श्वास होता. मी तो सोडला नाही. निखाऱ्यांवर पुन्हा राख धरली.

६

त्यानंतर थर्मासचे बूच निघाल्याचा आवाज आला.

मी माझा डावा गुडघा चाचपला. थर्मास तिथे नव्हता. आवाज पलीकडून आला होता. पाठोपाठ कहवा ओतल्याची बारीक धार ऐकू आली. आमच्या घरात पाहुणा कधी ओतत नाही. ओतते ती घरची बाई. हे मी कुठे शिकले नव्हते, हाडांतच होते, आणि त्या हाडांना त्या क्षणी कळले की या खोलीत पाहुणी कोणाला ठरवले गेले आहे.

हे कहवा प्यायले. कप पुढे केला, न हलवता. पुन्हा धार. पुन्हा प्यायले. मग त्या हलक्या आवाजाने एकच शब्द उच्चारला असावा, कारण हे म्हणाले:

"चल म्हणतेस? बरं, चल. एवढा कप होऊ दे."

आणि हे गुडघ्यावर हात टेकून उठू लागले. स्वयंपाकघरात मी मारलेल्या गाठी सुटत असल्याचे मला ऐकू आले. एक एक, सावकाश, जशा त्या मारल्या होत्या त्याच्या उलट क्रमाने. समुद्राच्या पाण्याचा वास खोलीत आला. यांच्यासारखा पट्टीचा पोहणारा आमच्या किनाऱ्यावर नव्हता, पण तो तरुणपणी. त्या दाराबाहेर आता अंगण नव्हते. लाटा होत्या.

ज्या कवनांनी मी कित्येकींच्या घरातली अरिष्टे टाळल्याचे लोक सांगतात, त्यांतले एकही कडवे माझ्या जिभेवर आले नाही. ईश्वराचे नावही आले नाही. तो मला त्याबद्दल क्षमा करो. माझ्या मनात एकच गोष्ट होती, आणि ती लहान मुलीच्या हट्टाएवढी साधी होती. माझ्या घरात, माझ्या थर्मासातला कहवा दुसरीने ओतावा आणि यांनी तो प्यावा, हे मी होऊ देणार नाही.

मी अंधारात हात टाकला. यांचे मनगट सापडले, कप धरलेले. मी ते माझ्या मुठीत घट्ट धरले आणि हलवले. कहवा माझ्या मनगटावर सांडला, तरी मी हलवत राहिले.

"पुरे," मी म्हणाले. "यांना पुरे झालं."

बूच लागल्याचा आवाज आला नाही, पण धार थांबली. मग माझ्या मुठीवर एक हात आला. उबदार आणि कोरडा. त्याने ओढले नाही, झटकले नाही. वडीलधारी बाई नव्या सुनेची समजूत घालते तसा त्याने माझ्या अंगठीवरून एकदा अंगठा फिरवला, सावकाश, दोऱ्यापर्यंत. आणि उठला.

मागचे दार लागल्याचा आवाज झाला. हळू. त्या वाऱ्यात ते दार हळू लावणे कोणालाही शक्य नव्हते.

७

दुसऱ्या दिवशी ऊन पडले तेव्हा अंगणात समुद्राची वाळू गुडघाभर साचली होती आणि मागच्या दाराच्या कडीत माझ्या गाठी जशाच्या तशा होत्या. त्या सोडवायला मला सुरी घ्यावी लागली.

मी वाळू उपसत असताना गल्लीत गाडी थांबली आणि झुवैना उतरली, कोरडी ठणठणीत, अत्तर लावून.

"तुफूल, आहेस का गं जिवंत?" तिने विचारले. "मला वाटलं माझ्या वाटचे खजूर खाऊन अजीर्ण झालं असेल तुला."

मी विचारले, ती गेली कधी.

"काल सकाळीच. भावाने गाडी आणली, डोंगरावर घेऊन गेला. फोन केला होता तुमच्याकडे, कोणी उचलेना. म्हटलं, बरंच झालं. तुझे डोळे सोसत बसण्यापेक्षा डोंगरावरच्या उंटिणी परवडल्या." ती हसली, आणि मग हसणे थांबवून माझ्याकडे नीट पाहू लागली. "काय झालं गं? अशी काय बघतेस?"

त्या दिवशी मी तिला घरात नेले, जवळ बसवले आणि तिच्या हाताला हात लावून पाहिला. तो ओलसर होता, गार होता, माणसाचा होता. इतक्या वर्षांत ती मला प्रथमच आवडली. तिने कप हलवून परत दिला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आले.

ती गेल्यावर हे चटईवर बसून माजघरातल्या उजेडात आपले मनगट पाहत होते. तिथे माझ्या बोटांचे वळ उठले होते.

"एक विचारू? झुवैना इतकी घुमी कधीपासून झाली?" हे म्हणाले. "काल तुझ्या जागेवर बसून नुसती ओतत होती. शब्द नाही तोंडात. आणि शेवटी काय अंगात आलं तिच्या? माझा हात धरून हिसडे दिले. खरं सांगतो, मला भीती वाटली तिची."

मी विचारले, तुमच्या उजवीकडे कोण होते.

"तू. दुसरं कोण?" यांनी माझ्याकडे पाहिले, आणि त्या पाहण्यात कालच्या हसण्यातली लाज होती. "दार बांधून आलीस आणि आयुष्यात पहिल्यांदा शहाण्या बाईसारखी चांगल्या कानाशी बसलीस. सगळं ऐकू आलं मला. किती छान बोललीस, तुफूल."

"काय बोलले?"

"आता पुन्हा वदवून घेतेस?" हे म्हणाले आणि मान खाली घातली. "फक्त कुठे जायचं ते तेवढं सांगितलं नाहीस."

ती मी नव्हते, असे मी यांना सांगितले नाही. आजवर सांगितलेले नाही. लोक म्हणतील, म्हाताऱ्याला भीती वाटू नये म्हणून. तसे नाही. मुकल्लाच्या बंदरातले ते वाक्य यांनी माझ्यासाठीच आयुष्यभर जपून ठेवले होते आणि माझ्याच नावाने उच्चारले होते. मी तोंड उघडले असते, तर ते कायमचे तिचे झाले असते.

८

मत्सराला मी चांगले म्हणत नाही. बैठकीत मुलींना मी हेच शिकवते की तो घर जाळतो. परंतु त्या दुपारी दयावंताने माझ्या हातात दुसरे काहीच ठेवले नव्हते, आणि त्याने दिलेल्या वस्तूला नावे ठेवणारी मी कोण?

चटई झाडली तेव्हा दोनच कप मिळाले. काठाला तडा गेलेला तिसरा कप मी वाळूतही शोधला, विहिरीच्या कट्ट्यापर्यंत शोधला. तो ज्याच्या हाती आहे त्याने तो अजून हलवलेला नाही. त्याला पुरे झालेले नाही.

वादळाचा इशारा आला की मी आजही सिलिंडर बांधते, रोट्या भाजते, तारल्या कुटते. चटईवरची मांडणी मी बदलली; लिंबे पाण्यापाशी आणली, खजूर माझ्या मांडीवर ठेवते. आणि बसते ती यांच्या उजवीकडे, चांगल्या कानाशी. जे जे मला आयुष्यभर बोलायचे होते ते आता बोलते. हे ऐकतात, मान डोलावतात, कधी माझा हात हातात घेतात. दिवा असेपर्यंत सारे ठीक असते.

दिवा गेला की यांचा हात माझ्या हातातून हलकेच सुटतो. हे डावीकडे वळतात, बहिऱ्या कानाकडे, जिथे आता कोणी बसत नाही, आणि बराच वेळ लक्ष देऊन ऐकतात. मग लाजल्यासारखे हसतात. मी यांचे मनगट धरून बसते, वीज परत येईपर्यंत.

ऐकणाऱ्या लेकीबाळींनो, बाबांनो, ज्याने मला ते मनगट अंधारात सापडू दिले तो तुम्हा सर्वांच्या घरांवर कृपेचे छप्पर धरो. तुमच्या मडक्यांत पाणी आणि डब्यांत रोटी पुरून उरो. तुमच्या दाराशी आलेला प्रत्येक पाहुणा तृप्त होऊन, कप हलवून, आपल्या वाटेने जावो. जे प्रेमाचे शब्द तुम्ही जपून ठेवले असतील ते दिवा असतानाच तुमच्या ओठांवर येवोत. आणि अंधारात जो हात तुम्ही आपल्या माणसाचा म्हणून धराल, तो उजेड आल्यावरही त्याचाच निघो. आमीन.